चित्र क्रमांक २१७ चं वर्णन

सोमवार, ३

आले एकदाची! खोली एक, खिडकी एक, नळाला पाणी चोवीस तास. आणखी काय हवं? पलंग एवढा अरुंद आहे की कूस बदलायची तर आधी अर्ज द्यावा लागेल, पण मी आज कशालाही नावं ठेवणार नाही. वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, शेवटी शाळेनं विषयच बंद केला आणि मला घरी बसवलं. आता या वयात संग्रहालयात वर्णनलेखिका! दादा म्हणाला की चित्राचं वर्णन करायला माणूस कशाला लागतो, चित्र दिसतंच की. त्याला म्हटलं, तुला दिसतं, सगळ्यांना नाही दिसत.

काम असं. कपाटात हजारो छापचित्रं पडून आहेत, प्रकाशानं कागद खराब होतो म्हणून ती बाहेर काढत नाहीत. प्रत्येकाचं शब्दांत वर्णन करून ठेवायचं, म्हणजे लांबच्या अभ्यासकाला किंवा ज्याला डोळेच नाहीत त्यालाही ते कळावं. पहिलं वर्णन पास झालं की मी पक्की, आणि पक्क्या माणसाला मागच्या इमारतीत दोन खोल्या मिळतात. दुसरी खोली आईची. सध्या ती दादाकडे बोळात, चपलांच्या फळीशेजारी झोपते. वहिनी वाईट नाही, पण आईला ऐकू येत नाही याचा तिला कंटाळा येतो आणि तो ती लपवत नाही. फोनवर आईनं तीनदा विचारलं की खोलीतून रस्ता दिसतो का. दिसतो, म्हटलं. नक्की दिसेल.

मंगळवार, ४

मला चित्र मिळालं. क्रमांक २१७, इटलीतल्या कुठल्याशा जुन्या गावातली गल्ली. एचिंग आहे, दोन पंजांएवढं. कपाटवाल्या बाईंनी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत ते बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. या बाई इथे तीस वर्षं आहेत आणि शिंकायचं असेल तर बाहेर जा असं पहिल्याच वाक्यात सांगतात.

काय चित्र आहे! तांब्याच्या पत्र्यावर मेण पसरायचं, सुईनं मेणावर रेघा ओढायच्या, मग पत्रा आम्लात बुडवायचा. मेण निघालंय तिथं आम्ल तांबं खातं. त्या खाचांत शाई भरून ओला कागद दाबायचा की झालं. छापताना सगळं उलटतं, पत्र्यावरचं उजवं कागदावर डावीकडे येतं. एवढ्या उपद्व्यापातून या माणसानं दुपारचं ऊन काढलंय. उन्हाला एकही रेघ नाही, कोरा कागद ठेवलाय नुसता, आणि तो भिंतीवर असा तापलाय की हात लावावासा वाटतो. दोन्ही बाजूंना उंच घरं, मध्ये वर चढत जाणारी फरसबंद वाट, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. वर दोरीवर कपडे वाळताहेत. टोकाला कमान, कमानीपलीकडे काहीच नाही, नुसता उजेड. माणसं अकरा. भाजीच्या टोपल्यांशी दोघी, जिन्यावर बुटाची नाडी बांधणारा माणूस, एक पाठमोरा पाद्री, बाकीची लांबची, दोन-तीन रेघांत उभी केलेली. मी भिंग लावून दोन तास बसले, चहासुद्धा विसरले. मला हे काम मिळालं म्हणजे माझं नशीबच उघडलं.

गुरुवार, ६

पहिला मसुदा दिला आणि परत आला.

इथली पद्धत ऐका. तपासनीस चित्र बघतच नाहीत! ते माझं वर्णन वाचून, नुसत्या शब्दांवरून, लाल पेन्सिलीनं कागदावर चित्र काढतात. जे त्यांना काढता आलं नाही ते मी लिहिलेलंच नाही, असा हिशेब. जुन्या नोंदींची वहीही पास होईपर्यंत आपल्याला बघायला देत नाहीत, दुसऱ्याचे डोळे लागू नयेत म्हणून. तपासनिसांचं खरं नाव कोणी घेत नाही, सगळे त्यांना लाल पेन्सिल म्हणतात. सुकलेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी मला त्यांचा कागद दाखवला. माझ्या गल्लीची घरं खोक्यांसारखी, आणि जिना भिंतीत घुसलेला. जिना कुठे जातो ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणाले. बरोबर होतं. राग आला, पण बरोबर होतं.

सोमवार, १०

पुन्हा परत. दुसऱ्या मसुद्यात सावल्या कुठल्या बाजूला ते नाही म्हणे. शनिवारी तिसऱ्यांदा लिहून दिलं होतं, तेही परत. कमान केवढी उंच? माणसाच्या किती पट? मी मोजपट्टी घेऊन बसले तर कपाटवाल्या बाई धावत आल्या, कागदाला लोखंड लावता म्हणून. लाकडी पट्टी द्या म्हटलं तर ती दुसऱ्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली दुसऱ्या बाईंकडे, आणि त्या बाई रजेवर. भीक नको पण कुत्रा आवर!

दादाचा फोन आला होता. वहिनीची बहीण मुलांना घेऊन महिनाभर राहायला येतेय, आईला कुठे ठेवायचं? तू कधी नेतेस ते एकदा सांग, म्हणाला. मागे आई काहीतरी बोलत होती, तिला वाटलं फोन तिच्या हातात आहे.

बुधवार, १२

चौथ्यांदा परत. या वेळी चूक एकही नाही! लाल पेन्सिलीनं काढलेली गल्ली मूळ चित्राशी तंतोतंत जुळते, मी स्वतः ताडून पाहिलं. मग घोडं कुठे पेंड खातंय? तर गृहस्थ हळू आवाजात म्हणाले की बाई, गल्ली दिसते, पण इथे कोणी राहत नाही. माणसं आहेत ती नुसती मोजलेली आहेत. त्यातल्या एकाला तरी कुणाची वाट बघू दे.

वाट बघू दे! अहो, चित्रात नाही तर मी कुठून आणू? चित्रकारानं पाठमोरा पाद्री काढलाय, मी त्याला वळवू की काय? घरी येऊन भांडी आदळली. खालच्या बाईनं छतावर काठी ठोकली. तिलाही म्हणे शांतता हवी.

शुक्रवार, १४

आज मी लबाडी केली. लिहूनच ठेवते, म्हणजे मनावरचं ओझं कमी होईल.

डावीकडच्या घराला दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे, रेघांवर रेघा मारून काळीकुट्ट केलेली. भिंगातूनही आत काही दिसत नाही. मी म्हटलं, एवढ्या काळोखात कोणी उभं असलं तर कोण बघायला जातंय? आणि लिहिलं: 'या खिडकीत एक म्हातारी बाई उभी आहे. एका कानानं कमी ऐकू येत असल्यानं तिनं चांगला कान रस्त्याकडे केला आहे. डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे आणि त्या हातानं ती खिडकीची कड धरून आहे. घरचं कोणीतरी यायचं आहे.' हात भराभर चालला. विचार करावाच लागला नाही, आई तशीच उभी राहते.

वीस वर्षं मुलांना सांगत आले की जे समोर आहे तेच काढा. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

सोमवार, १७

पास! पास! पास!

लाल पेन्सिलीनं उठून हात जोडले. आता गल्लीत राहतंय कोणीतरी, म्हणाले. त्यांनी काढलेली म्हातारी पाहिली आणि मला हसूच आलं, आई हुबेहूब! वर्णन शाईनं नोंदवहीत चढलं. एकदा चढलं की खोडायचं नाही, काही राहिलं असेल तर खाली पुरवणी जोडायची, हा इथला नियम. मी पक्की झाल्याचं पत्र आठवड्याभरात येईल.

आईला सांगायला फोन केला. दादा म्हणाला, ती सकाळपासून खिडकीत उभी आहे, हलत नाही. फोन कानाला लावला तरी बोलली नाही. रुसली असेल. पाहुणी आल्यापासून तिचा बिछाना उचललाय, रुसणारच.

मंगळवार, १८

चित्र कपाटात परत द्यायच्या आधी एकदा डोळे भरून बघावं म्हणून भिंग लावलं.

खिडकीत बाई आहे.

काळोखाच्या रेघा तशाच आहेत, फक्त मध्ये काही विरळ झाल्यात आणि तिथे चेहरा आहे. आधी मला दिसला नसेल. चार मसुदे लिहिले, दोन आठवडे भिंग लावून बसले, आणि दिसला नसेल? कपाटवाल्या बाईंना विचारलं की ही बाई आधीपासून आहे का. त्या म्हणाल्या, तुम्हीच तर लिहिलीत, असणारच.

मनाला समजावलं. ही आई नव्हे. आई उजवा कान पुढे करते, हिचा डावा पुढे आहे. हिची वाकडी करंगळीही उजव्या हाताची. जरा बरं वाटलं. जिना उतरून खाली आले, आणि अर्ध्या रस्त्यात आठवलं की छापताना सगळं उलटतं.

बुधवार, १९

पास झाल्यामुळे जुनी वही बघायला मिळाली. न मिळती तर बरं झालं असतं.

२१७ चं माझ्याआधी चार जणांनी वर्णन केलंय. सगळ्यात पहिली नोंद हे चित्र संग्रहालयात आलं तेव्हाची, दोन ओळींची: 'इटलीतील जुनी गल्ली. निर्मनुष्य.' दुसऱ्या नोंदीत माणसं तीन. तिसरीत आठ. चौथीत बारा. मी मोजली ती अकरा. तेव्हा माझंच चुकलं वाटलं, पण मग चौथ्या नोंदीतली खोडलेली ओळ दिसली. 'कमानीखाली, हातात बादली घेतलेला उंच माणूस.' वर शाईची जाड रेघ, दोनदा मारलेली, कागद फाटेपर्यंत.

कमानीखाली भिंग नेलं. बादली आहे, जमिनीपासून वीतभर वर. फरशीवर उंच सावली आहे. माणूस नाही.

कपाटवाल्या बाईंना विचारलं ही नोंद कोणाची. माझ्याआधीच्या वर्णनलेखिकेची. तिचा नवरा एके दिवशी घरातून गेला तो आलाच नाही, म्हणून ती फार रडायची. नंतर वेडंवाकडं बोलायला लागली, म्हणून काढली तिला. उंच होता का तो, मी विचारलं. त्या म्हणाल्या, हो, तुम्हाला कसं माहीत?

गुरुवार, २०

दादाला तीनदा फोन केला. आईला खिडकीतून बाजूला घे, ओढून घे, पण घे. तो वैतागला. डॉक्टर येऊन गेले म्हणे, नाडी ठीक, वयानं होतं असं. हात धरला तर हलका लागतो, म्हणाला, काही धरल्यासारखं वाटतच नाही. हे सांगतानाही त्याला घाई होती. मी ओरडले. त्यानं फोन ठेवला.

लाल पेन्सिलीसमोर जाऊन सगळं कबूल केलं. चित्रात बाई नव्हती, मी खोटं लिहिलं, ती माझी आई आहे, नोंद रद्द करा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, चित्रात बाई आहे ना आता? मग खोटं कुठे? नोंद चोख आहे. मी टेबलावर हात आपटला. त्यांची पेन्सिल घरंगळून पडली, ती उचलायला ते वाकले आणि खालूनच म्हणाले की पहिल्या वर्णनाला सगळे हळवे होतात.

यापेक्षा भिंतीवर डोकं आपटावं, भिंतीला तरी काही कळेल.

शुक्रवार, २१

पहाटे दादाचा फोन. भयंकर चिडलेला. आईला न्यायचं होतं तर सांगून न्यायचं, चोरासारखं काय! दार आतून बंद होतं ते कसं उघडलंस, चपला का ठेवून गेलीस तिच्या, आम्ही काय तिला छळत होतो का, लोक काय म्हणतील. मी शपथेवर सांगत होते की मी नेली नाही. त्याला पटेना. मागून वहिनी म्हणाली, जाऊ द्या ना आता, तिथे सुखात असेल.

ते तिला शोधणार नाहीत. तिला कोणीच शोधणार नाही. ती माझ्याकडे आहे असं सगळे धरून चाललेत.

आणि आहेच की. चित्रात आज चेहरा स्पष्ट आहे. डोळ्यांखालच्या सुरकुत्याही. सुईच्या टोकानं ओढलेल्या.

शनिवार, २२

खोडायचं नाही. बादली आठवतेय. खोडायचं नाही.

पुरवणी जोडली. पुरवणीला तपासणी लागत नाही, सरळ शाईनं लिहायची. 'खिडकीतली म्हातारी बाई जिना उतरते आणि गल्लीतून बाहेर पडून आपल्या घरी जाते.' तीनदा वाचलं. कुठे अडकायला नको.

उद्या रविवार. संग्रहालय बंद. रात्री परत दाराशी जाऊन पाहिलं, पहारेकऱ्यानं हाकललं. रविवार कशाला करतात कोण जाणे!

सोमवार, २४

खिडकी रिकामी. देवा, म्हटलं, सुटली.

मग चित्राच्या कडेला नजर गेली. पत्र्याची कड कागदावर उमटते ना, तिथे. तिथपर्यंत आली आहे. त्यापुढे पत्राच नाही. कडेला अंग चेपून उभी आहे, दोन्ही तळवे कडेवर टेकलेले. अनवाणी. फरसबंदी तापलेली आहे, तो कोरा कागद— मीच कौतुक केलं होतं.

तोंड उघडं आहे. काहीतरी म्हणतेय.

बाकीचे अकराही तिच्याकडे बघताहेत. पाद्रीसुद्धा. तो वळलाय.

मंगळवार, २५

पुरवणी दुसरी. 'बाई पुन्हा वर आपल्या खोलीत येते. तिथे सावली आहे. बसायला खुर्ची आहे. पायांत चपला आहेत. दार आतून लावलेलं आहे.' घाईत 'चपला' दोनदा लिहिलं गेलं.

खिडकीत परत आली आहे. बसलेली. बरी आहे. पण बाकीचे जिन्यापाशी जमलेत. नाडी बांधणारा पायरीवरून उठलाय. मी त्यांच्याबद्दल काही लिहिलेलं नाही! एक अक्षर नाही!

दुपारी पत्र आलं. मी पक्की झाले. दोन खोल्यांच्या किल्ल्या पाकिटातच होत्या. लाल पेन्सिलीनं अभिनंदन केलं. मी किल्ल्या त्यांच्या अंगावर फेकल्या. त्यांनी उचलून माझ्या टेबलावर नीट ठेवल्या.

बुधवार, २६ — सकाळ

तिघे जिन्यावर. पाद्री सगळ्यात पुढे. त्याला तोंडच काढलेलं नाही. पाठमोरा होता, तोंड कशाला काढतील.

आईला ऐकू येत नाहीये. ते वर येताहेत आणि तिला ऐकू येत नाहीये. दार ठोठावलं तर मीच आले समजून उघडेल ती.

दादाला फोन— उचलत नाही.

बुधवार, २६ — दुपार

दुसरा उपाय नाही. माणसं खोडता येत नाहीत, बाहेर काढता येत नाहीत. आत घालता येतात.

पुरवणी तिसरी लिहिली. नीट, सावकाश, लाल पेन्सिलीला काढता येईल अशी. 'बाईची मुलगी तिच्याजवळ पोचली आहे. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा लावणारी, लवकर चिडणारी. हातात लाकडी पट्टी आहे. ती दाराला पाठ लावून उभी आहे आणि कोणालाही आत येऊ देत नाही.'

चौदा तारखेला पाच मिनिटं कळ काढली असती तर आज आई बोळात का होईना, झोपलेली असती. मला राग आवरत नाही, हीच माझी बोंब.

शाई वाळतेय.

टेबल हलकं लागतंय. हातावर बारीक रेघा, तिरक्या, एकावर एक. खाजत नाहीत. कपाटवाल्या बाई समोरून गेल्या, चित्र उचललं, टेबल रिकामं आहे असं कोणाला तरी म्हणाल्या— मी इथेच बसले आहे, अहो— 

किती ऊन आहे इथे

जिन्यावर बुटांचे आवाज. मी त्यांच्या वर आहे की खाली, कळत— दार सापडलं. आतून बंद आहे, मीच तसं लिहिलं. आई, मी आहे. आई! अगं ते नव्हेत, मी आहे, उघ